सोलापुरी चादर, ग्राहकाचं चलन : ऑनलाइन दुकानाच्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून काम सुरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचं ऑनलाइन दुकान मी सांभाळतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. ऑर्डरी आणि हिशेब वहिनींकडे. दुकानात आतापर्यंत एकच भाव, रुपयांतला. दुबईतून बघा नाहीतर न्यू जर्सीतून, मयूरपंखी डबल चादर ₹१,२५०.

गेल्या महिन्यात दुबईच्या एका ग्राहकाची तक्रार आली. त्याने दिरहॅमचा हिशेब मनाशी करून चादरी घेतल्या. त्याच्या बँकेने स्वतःच्या दराने रुपयांचे दिरहॅम केले, वर परकीय चलनाचं शुल्क लावलं, आणि कार्डाच्या विवरणात आकडा वेगळाच आला. त्याला वाटलं, जास्तीचे पैसे आम्हीच कापले. वहिनींनी पावती पाठवली, समजावून सांगितलं. त्याचं समाधान झालं, पण पुन्हा त्याची ऑर्डर आली नाही.

अण्णांनी यावर सांगितलेला उपाय: "त्यांच्या पैशात भाव लिही की. रेट तर नेटवर असतोच."

एवढंच केलं तर त्रास वाढेल. दाखवायचे दिरहॅम आणि कापायचे रुपये, म्हणजे पाटीवर एक भाव आणि गल्ल्यावर दुसरा. आज निदान आमच्या पानावर चुकीचा आकडा नाही. उद्या तो आम्ही स्वतः लिहिलेला असेल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहून अण्णांची सही घेतली: ज्या चलनात भाव दिसेल त्याच चलनात पैसे घ्यायचे, आणि जेवढा दिसेल तेवढेच घ्यायचे. ज्या चलनात हे जमणार नाही, त्या चलनात भाव दाखवायचाच नाही.

मुदत दिवाळीची. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे. परदेशी पार्सलं वेळेत पोहोचायची तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथून निघायला हवीत. घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, दुकान नव्या रूपात सुरू करायचं ठरलं.

४ सप्टेंबर, बुधवार

कोणती चलनं? वहिनींनी जुन्या परदेशी ऑर्डरींची यादी काढून दिली. सर्वात जास्त संयुक्त अरब अमिराती, मग अमेरिका, मग कुवेत, जर्मनी आणि नेदरलँड्स. जपानमधून थोड्या आहेत, पण नियमित. ब्रिटनमध्ये एक घाऊक खरेदीदार टॉवेल नेतो, शिवाय किरकोळ चौकश्या येतात.

बाजारात शंभरावर चलनांचा तयार प्लगइन, म्हणजे दुकानाला जोडायचा प्रोग्राम, मिळतो. तो घेणार नाही. प्रत्येक चलन म्हणजे एक आश्वासन आहे. शंभर आश्वासनं सांभाळणारी माणसं आमच्याकडे नाहीत. डॉलर, दिरहॅम, युरो, येन, कुवेती दिनार, आणि घाऊक यादीपुरता पौंड, एवढीच घ्यायची. बाकीच्यांना रुपये दिसतील आणि रुपयेच कापले जातील.

ब्रिटनची किरकोळ विक्री मात्र तूर्त बंद ठेवावी लागते आहे. १ जानेवारी २०२१ पासून तिथे नियम असा, की १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर बाहेरच्या विक्रेत्यानेच विक्रीच्या वेळी व्हॅट लावायचा आणि तिथल्या कर खात्यात भरायचा. त्यासाठी तिथे नोंदणी लागते. आमची नाही. घाऊक खरेदीदार स्वतःचा व्हॅट क्रमांक देतो आणि कर स्वतः हिशेबात धरतो, त्यामुळे त्याचं चालतं. किरकोळ ग्राहकाला पौंडात भाव दाखवून पुढे कराचं त्याचं तो बघेल, असं करणं मला पटत नाही. अण्णांना वाईट वाटलं, पण त्यांनी मान्य केलं. नोंदणीचं सीए साहेब बघणार आहेत.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतच्या मालाला असलेली सूट गेली, म्हणजे एका टॉवेलवरसुद्धा व्हॅट लागतो. १५० युरोंपर्यंतच्या मालासाठी तो आधीच वसूल करून भरण्याची योजना आहे, पण ती ऐच्छिक. आम्ही तिच्यात नाही, त्यामुळे ग्राहकाला माल घेताना कर द्यावा लागतो. युरोतल्या भावाखाली त्याच आकाराच्या अक्षरांत ओळ येईल: 'तुमच्या देशातला व्हॅट यात नाही, तो पार्सल घेताना भरावा लागेल.' बारीक अक्षरांत टाकायची नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

दर कुठून घ्यायचा? दिवसभर यावरच.

रुपयाचा अधिकृत संदर्भदर २०१८च्या जुलैपर्यंत रिझर्व्ह बँक जाहीर करायची, तेव्हापासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, पौंड, युरो आणि येन या चारांचे दर येतात (ही २०२४ची स्थिती). येनचा दर १०० येनांना असतो, एकाला नाही. हे ज्याला माहीत नाही तो जपानी ग्राहकाला भाव शंभर पटीने चुकीचा दाखवेल. आमच्या तक्त्यात दराशेजारी 'किती नगांना' असा वेगळा रकाना केला.

युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे दरही रोज मिळतात, तीसेक चलनांचे. त्यांत रुपया आहे, पण दिरहॅम नाही आणि दिनारही नाही. सोलापूरच्या मालाला आखात महत्त्वाचं, आणि नेमकी तीच चलनं या दोन्ही याद्यांत नाहीत.

दिरहॅमचा प्रश्न तरी सहज सुटतो. १९९७ पासून तो डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. डॉलरचा रुपयातला दर घेतला, ३.६७२५ने भागला, की दिरहॅमचा दर मिळाला. डॉलर ८४ धरला तर दिरहॅम २२ रुपये ८७ पैसे. सौदी रियाल असाच ३.७५ला बांधलेला आहे. उद्या सौदीतून ऑर्डरी वाढल्या तर तोही याच पद्धतीने घेता येईल.

कुवेतचं मात्र तसं नाही. कुवेती दिनार २००७च्या मे महिन्यापासून एका डॉलरऐवजी अनेक चलनांच्या गाठोड्याला बांधलेला आहे, आणि त्या गाठोड्यात कोणाचा किती वाटा हे ते सांगत नाहीत. म्हणून दिनाराला एका ठरीव आकड्याने गुणून चालणार नाही, बाजारातला दर विकतच घ्यावा लागेल. एक दरसेवा घेतली. तिच्यावर पहारा असा, की त्याच सेवेने दिलेला डॉलरचा दर संदर्भदराशी जुळवून बघायचा. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशीचा दिनारही घ्यायचा नाही, कालचाच चालवायचा.

उद्या गणेश चतुर्थी. सोमवारी पुढे.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज दर बाजूला राहिला आणि मूळ किमतीवरच गाडी अडली. अडली हे फार चांगलं झालं.

मी वहिनींना सहज विचारलं, ₹१,२५० मध्ये काय काय आलं? त्या म्हणाल्या, "दादा, त्यात जीएसटी धरलेलाय. हजाराच्या वरच्या नगाला बारा टक्के." मग निर्यातीला? निर्यात शून्य दराची. हमीपत्र भरून ठेवलं की परदेशात जाणाऱ्या मालावर कर न भरता माल पाठवता येतो, आणि कारखान्याचं हमीपत्र दरवर्षी भरलेलं असतं. म्हणजे परदेशी ग्राहकाचा भाव काढताना १,२५० हा आकडा धरायलाच नको. त्यातला १२ टक्के कर काढला, म्हणजे १,२५० भागिले १.१२ केलं, की मूळ किंमत १,११६ रुपये ७ पैसे उरते. हजाराच्या आतल्या नगाला ५ टक्के (हे दर २०२४ मधले), म्हणून टॉवेलांची मूळ किंमत वेगळ्या भागाकाराने निघेल. प्रत्येक मालाच्या नोंदीत 'करासकट किंमत' आणि 'करापूर्वीची किंमत' असे दोन रकाने पाडले आणि सगळे आकडे वहिनींसोबत बसून तपासले.

अण्णांना समजावताना थोडा वेळ गेला. त्यांचं म्हणणं, बाहेरचा माणूस बाराशे पन्नासला तयारच होता, तर त्याला स्वस्त कशाला? मी म्हटलं, अण्णा, सरकारने न मागितलेला कर त्याच्याकडून घेऊन आपल्याकडे ठेवायचा, हे बरं दिसत नाही. आणि पार्सलचा खर्च चादरीच्या किमतीच्या बरोबरीने जातो, तिथे हे एकशे चौतीस रुपये त्याच्या नजरेत भरतील. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोन आला: "कर काढून टाक. पण पॅकिंगचे पन्नास रुपये आहेत ते वाहतुकीत धर." ते रास्त आहे. परदेशी पॅकिंगला खरंच जास्त सामान लागतं.

आता भावाचं सूत्र असं. करापूर्वीची किंमत भागिले दर, त्यावर ४ टक्के, मग त्या चलनाच्या रिवाजाप्रमाणे वरचा आकडा. चार टक्के का? पेमेंट गेटवेच्या, म्हणजे कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेच्या, करारात रूपांतराचा दर बाजारापेक्षा साधारण २ टक्के कमी धरलेला आहे, तो खर्च खरा आहे. उरलेले २ टक्के दराच्या रोजच्या हालचालीसाठी. गेटवेचं नेहमीचं शुल्क इथल्या ग्राहकाच्या भावातही कारखानाच सोसतो, म्हणून तिथल्यावर वेगळं लादलं नाही.

८४च्या डॉलरने मयूरपंखी डबल १३.८२ येते, भाव १४ डॉलर. दिरहॅम ५०.७५ येतात, भाव ५१. युरो ९३ धरला तर १२.४८, भाव १२.५०. दिनार २७५ धरला तर ४.२२१, भाव ४.२५०. शंभर येनांना ५८ रुपये धरले तर २,००१, भाव २,०५० येन. डॉलर-युरोची पायरी अर्ध्याची, दिरहॅमची पूर्ण एकाची, दिनाराची पावाची, येनची पन्नासाची. १३.९९ लिहायचं का, असं एका मित्राने विचारलं. अण्णांनी आयुष्यभर राउंड भाव सांगितलेत. दुकानाचा स्वभाव तोच ठेवला.

पायरीमुळे लहान वस्तूंवर अन्याय होतो. नॅपकिनच्या जोडीला अर्ध्या डॉलरची पायरी जड जाते. पाच डॉलरच्या आत पायरी दहा सेंटची केली, तशीच बाकीच्या चलनांनाही लहान पायरी ठेवली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दशांश चिन्ह. या प्रकल्पात सर्वात मोठं नुकसान जिथे होऊ शकतं ती जागा ही आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. माझ्यानंतर हे काम जो बघेल त्याने ही नोंद आधी वाचावी.

पैशाचा आकडा दशांशात साठवायचा नाही. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी कण उरतो. शेकडो ओळींच्या हिशेबात तो कण पैशाचा फरक करतो आणि वहिनींचा ताळेबंद जुळत नाही. म्हणून रक्कम नेहमी सर्वात लहान नाण्यात, पूर्णांकात: १,२५० रुपये म्हणजे १,२५,००० पैसे.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण प्रत्येक चलनात शंभर लहान नाणी नसतात. चलनांच्या तीन अक्षरी संकेतांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४२१७, प्रत्येक चलनापुढे दशांशानंतरचे अंक किती हेही सांगतं. रुपया, डॉलर, युरो, दिरहॅम यांना दोन. येनला शून्य. कुवेती दिनार, बहारीनचा दिनार, ओमानी रियाल यांना तीन, कारण एका दिनाराचे हजार फिल्स होतात.

पेमेंट गेटवेला रक्कम लहान नाण्यातच पाठवावी लागते. कोडमध्ये कोणी डोळे झाकून 'गुणिले १००' लिहिलं असेल, तर २,०५० येनची चादर २,०५,००० म्हणून जाईल. येनला लहान नाणं नसल्याने गेटवे ते २ लाख ५ हजार येनच समजेल. शंभराला ५८च्या दराने एका चादरीचे १ लाख १८ हजार ९०० रुपये झाले. उलट कुवेतला ४.२५० दिनार ४२५ म्हणून जातील, गेटवे ते ४२५ फिल्स समजेल, आणि चादर ११७ रुपयांच्या आत विकली जाईल. पहिल्यात ग्राहक होरपळतो, दुसऱ्यात मागावर उभं राहिलेल्या माणसाची मजुरीही सुटत नाही. आणि दोन्ही वेळा पडद्यावर भाव बरोबर दिसत असतो, त्यामुळे बघून कळत नाही.

उपाय: गुणाकार एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये, आणि अंक किती ते चलनांच्या तक्त्यातून. तक्त्यात नसलेलं चलन आलं तर दोन धरून पुढे जायचं नाही, व्यवहार तिथेच थांबवायचा. काही गेटवे तीन अंकी चलनात शेवटचा अंक शून्यच मागतात; आमची पायरी पावाची असल्यामुळे ४.२५० आपोआप बसतं. पण वाहतूक खर्च जोडल्यावर ७.३४३ सारखा आकडा होऊ शकतो, म्हणून बेरजेनंतर दहा फिल्सच्या पटीत आणायचं आणि ग्राहकाला तीच बेरीज दाखवायची.

तपासणीसाठी प्रत्येक चलनात सर्वात स्वस्त नॅपकिन, मधली चादर आणि शंभर टॉवेलांची घाऊक ऑर्डर, अशा चाचण्या लिहिल्या. पडद्यावरचा आकडा, गेटवेला गेलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा तिन्ही जुळल्याशिवाय नवीन कोड दुकानात चढणार नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. कारखाना बंद, मिरवणुकांची लेझीम सकाळपासून कानावर. काम नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरवला. अण्णांनी सकाळी विचारलं, आता आपले भाव रोज बदलायचे का?

रोज बदलायचे नाहीत, आणि का नाही हेही लिहून ठेवतो. बाई सोमवारी चादर बघते, नवऱ्याला दाखवते, गुरुवारी घ्यायला येते. चार दिवसांत ५१चे ५२ झाले तर तिला वाटणार दुकानदार खेळ करतो आहे. दुसऱ्या बाजूला, महिनोन्‌महिने भाव तसाच ठेवला तर कधी कारखान्याचं आणि कधी ग्राहकाचं नुकसान. म्हणून पट्टा ठरवला: ज्या दराने भाव काढला त्यापासून दर दीड टक्का वर किंवा खाली गेला, तरच भाव नव्याने काढायचा. सूत्रातले दोन टक्के याच पट्ट्यासाठी आहेत. पट्टा दोन्ही बाजूंनी सारखाच चालेल. रुपया घसरला तर परदेशी चलनातला भाव उतरेल, वधारला तर चढेल.

आणखी एक ठरलं. ग्राहकाने माल पिशवीत टाकला की तो भाव २४ तास त्याच्यासाठी बांधलेला. दर हलला तरी त्याला जुनाच भाव मिळेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कोणाला कोणतं चलन दाखवायचं? सोपं उत्तर म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरून देश ओळखायचा. पण पुण्यात बसलेला माणूस कंपनीच्या नेटवर्कमधून येतो आणि अमेरिकेतला दिसतो. गूगलचा शोधयंत्र-रोबोही बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो. त्याला आपण डॉलर दाखवले तर सोलापूरच्या माणसाला शोधात डॉलरमधला भाव दिसेल. शिवाय देश म्हणजे चलन नव्हे. इक्वेडोरमध्ये अमेरिकी डॉलरच चालतो, आणि क्रोएशिया २०२३पासून युरोत गेला तरी जुने तक्ते त्याचं कुना हे चलन दाखवतात.

ठरलं ते असं. पत्त्यावरून फक्त अंदाज करायचा आणि वर एक पट्टी दाखवायची: 'भाव दिरहॅममध्ये बघायचे?' ग्राहकाने हो म्हटलं तर लक्षात ठेवायचं, नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही. शेवटचं चलन ठरणार ते माल कुठे जायचा त्यावरून.

वहिनींनी लगेच उदाहरण काढलं. मुलगा न्यू जर्सीत, आई-वडील इथे विजापूर रोडला. दिवाळीला तो तिकडून चादरींची जोडी घेतो आणि पार्सल आईच्या पत्त्यावर. दरवर्षी अशा ऑर्डरी येतात. हा माल देशाबाहेर जात नाही, म्हणजे ही निर्यात नाही. जीएसटी लागतो, बिल रुपयांत, वाहतूक इथली. कार्ड अमेरिकेचं आहे म्हणून त्याला करमुक्त १४ डॉलरचा भाव दिला तर वहिनींचा हिशेब कायद्यात बसणार नाही. म्हणून पिशवीच्या आधीच विचारतो: 'माल कुठे पाठवायचा?' भारत म्हटलं की रुपये, आणि खाली एक ओळ: 'तुमची बँक स्वतःच्या दराने रूपांतर करेल, तिचं शुल्क वेगळं असू शकतं.' इथे आम्ही त्याला डॉलरचा आकडा अंदाजेही देत नाही. नियम पहिल्या पानावर आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आकडे लिहायची पद्धत. ब्राउझरकडे प्रत्येक भाषेच्या रिवाजाची माहिती असते, ती वापरली. भारतीय पद्धतीत लाखाला १,००,०००, बाहेर १००,०००, जर्मनीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. दुकानाच्या मराठी पानावर ब्राउझर आपणहून देवनागरी अंक देतो. दुबईतला मराठी माणूस '५१ दिरहॅम' असं आपल्या अंकांत वाचेल, याचा मला मनापासून आनंद झाला. ते तसंच ठेवलं.

डॉलरचं चिन्ह एकटं लिहायचं नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग सगळीकडे तेच चिन्ह आहे. टोरांटोच्या माणसाला १४ कॅनडाचे वाटले आणि कापले अमेरिकेचे, तर पहिली तक्रार परत आली म्हणून समजा. सगळीकडे 'अमेरिकी डॉलर' पूर्ण.

एकदा बनलेलं पान साठवून पुढच्या ग्राहकालाही तेच दिलं जातं. त्या साठवणीत चलनाचा भेद घातला, नाहीतर कुवेतच्या ग्राहकासाठी बनलेलं पान पुण्यात जाईल. शोधयंत्रांसाठीच्या माहितीत भाव रुपयांतच, चलनाच्या संकेतासह.

वाहतूक: कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागायचं. पॅकिंगच्या मावशींनी घडी बदलून जोडीचा खोका चार बोटं बसका केला, आणि आकारमानाचं वजन खऱ्या वजनाच्या आत आलं. ग्राहकाला याचा फायदा चलनाच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त होणार आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

पट्टा पहिल्यांदा ओलांडला, दुकान सुरू व्हायच्या आधीच. पौंड १० तारखेला ११०च्या जरा खाली होता, आज ११२च्या वर. घाऊक टॉवेलांचा पौंडातला भाव सूत्राप्रमाणे उतरला.

अण्णा म्हणाले, हा एवढा राहू दे, ब्रिटनच्या माणसाला कुठं कळतंय. वहिनी माझ्याआधी बोलल्या: "तो रोज दर बघूनच खरेदी करतो, अण्णा. आज उतरवला तर उद्या चढवल्यावर वाद घालणार नाही." भाव उतरवला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. सकाळी कारखान्यात पूजा झाली, त्यानंतर दुकान नव्या भावांसह सुरू केलं.

काल गांधी जयंतीची सुट्टी असल्यामुळे नवा संदर्भदर आला नव्हता. परवाचा दर तारखेसह वापरला. यंत्रणेत दराचं वय मोजलं जातं. चार दिवसांपेक्षा जुना झाला तर मला आणि वहिनींना संदेश येतो, सात दिवस झाले तर परदेशी चलनं आपोआप बंद होऊन रुपये दिसतात. दिवाळीच्या जोडसुट्ट्यांत हे लागेल.

दुपारी पहिली ऑर्डर अबूधाबीहून, तीन मयूरपंखी: १५३ दिरहॅम आणि वाहतूक. प्रत्येक ऑर्डरीसोबत मूळ रुपये, दर, दराची तारीख, चार टक्के, पायरीची भर आणि अंतिम रक्कम सगळं साठवतो. वर्षभराने कोणी विचारलं की ५१ कसे आले, तर दाखवता आलं पाहिजे.

ज्याची तक्रार आली होती त्या दुबईच्या ग्राहकाला वहिनींनी स्वतःहून कळवलं. उत्तर अजून नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

रुपया पहिल्यांदाच डॉलरला ८४च्या पलीकडे बंद झाला. बातम्यांत मोठमोठे मथळे. अण्णांचा फोन: भाव बदलले का?

नाही बदलले. मूळ हिशेबच आम्ही ८४ने केला होता. आजची हालचाल त्याच्या आसपास पैशांची आहे, पट्टा दीड टक्क्याचा. १४ डॉलर आणि ५१ दिरहॅम जसेच्या तसे. सूताच्या भावाने कारखान्याला यापेक्षा मोठे धक्के दिलेत, हे अण्णाच म्हणाले.

आज बऱ्याच ऑर्डरी निघाल्या, उद्या दसरा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला परतावा. नेदरलँड्सच्या ग्राहकाला रंग चुकीचा गेला. कारखान्यातून दुसऱ्या लॉटची चादर पॅक झाली होती. त्याला १२.५० युरो आणि वाहतूक परत करायची. युरो मधल्या काळात हलला आहे, त्यामुळे परत करताना रुपये वेगळे लागतात. सीए साहेबांनी विचारलं, रुपयांच्या हिशेबाने परत करायचं की युरोच्या? युरोच्या. त्याने १२.५० दिले, त्याला १२.५०च मिळाले पाहिजेत. फरक 'विनिमय नफा-तोटा' या वेगळ्या खात्यात जाईल, आणि हे खाते दर महिन्याला अण्णांपुढे ठेवायचं. तोटा सतत वाढला तर चार टक्क्यांचे साडेचार करू. वाढला नाही तर साडेतीन करू. पण ग्राहकाच्या परताव्याला हात लावायचा नाही.

त्याने कर भरून सोडवलेल्या पार्सलचा व्हॅट आम्ही परत करू शकत नाही, तो तिथल्या सरकारकडे गेला आहे. युरोपच्या ऐच्छिक योजनेत शिरण्याचं खरं कारण हे ठरेल. सीए साहेबांना ब्रिटनच्या नोंदणीसोबत हेही बघायला सांगितलं.

दुबईच्या त्या ग्राहकाची ऑर्डर आज आली, चार टॉवेल आणि एक चादर. वहिनींनी त्याला विवरण आल्यावर कापलेला आकडा कळवायची विनंती केली आहे. तो आकडा आणि आमच्या पावतीवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून तपासणीच्या फाइलला लावायचा.

पुढची कामं: सौदी रियाल, खोक्यांच्या नव्या मापांनी वाहतुकीचे दर, आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत दराच्या वयाचा संदेश खरंच येतो का, हे २८ तारखेला मुद्दाम जुना दर घालून पाहणे.